घरात लहान मुलं असतील तर कोंबड्या कोणत्या घ्याव्यात? नवीन लोकांसाठी शांत जातींची माहिती

गावी घर आहे, मागे परसात थोडी मोकळी जागा आहे आणि मुलं मागे लागलीत की आपण कोंबड्या आणूया. अशा लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, सगळ्यात जास्त अंडी कोणती जात देते? घरात चार ते दहा वर्षांची मुलं असतील तर हा प्रश्न नंतरचा. आधी कोंबडीचा स्वभाव बघायचा. कारण मूल एकदा टोच खाऊन घाबरलं की ते परसात पाऊल टाकत नाही, मग रोजचं दाणापाणी आणि साफसफाई आईच्या नाहीतर आजीच्या गळ्यात पडते आणि थोड्याच महिन्यांत खुराडं रिकामं होतं. असं मी बऱ्याच घरांत बघितलंय आणि दरवेळी वाईट वाटतं, कारण थोडा विचार करून जात निवडली असती तर त्याच मुलांनी त्या कोंबड्या मनापासून सांभाळल्या असत्या.

माझं मत सरळ आहे. शांत कोंबडी हवी असेल तर तीन गोष्टी जमल्या पाहिजेत, जात शांत हवी, ती आपल्या हवेत टिकणारी हवी आणि पिल्लू असताना तिला माणसाच्या हाताची सवय लागलेली हवी. नुसते व्हिडिओ बघून जात निवडली तर दुसरी गोष्ट हमखास राहते.

१. आधी कोंबड्याचं ठरवा

अंडी मिळायला कोंबडा लागत नाही. हे अजूनही खूप जणांना माहीत नसतं. माद्या एकट्या असल्या तरी अंडी देतात, फक्त त्या अंड्यांतून पिल्लं निघत नाहीत. आणि लहान मुलांना जे लागतं, ओरखडतं, त्यातलं बहुतेक कोंबड्याचं काम असतं.

कोंबडा लहान असतो तेव्हा गोड वाटतो, मुलांच्या मागेमागे फिरतो, हातातलं खातो. पाच-सहा महिन्यांचा झाला, वयात आला की त्याचं वागणं बदलतं. लहान मूल बुटकं असतं, अचानक पळतं, हात हलवतं, ओरडतं, आणि त्याला ते सगळं आव्हान वाटतं. मग तो मान खाली घालून, एक पंख जमिनीला घासत तिरका तिरका चालत येतो आणि दोन्ही पाय पुढे करून उडी मारतो. त्याच्या पायाच्या मागे काटा असतो आणि खाली बसलेल्या मुलाचं तोंड नेमकं त्याच उंचीवर येतं. डोळ्याला लागायची भीती खरी आहे. सगळेच कोंबडे असे नसतात हे खरं, पण कुठला निघेल ते आधी सांगता येत नाही. म्हणून पहिलं वर्षभर तरी फक्त माद्या ठेवा.

२. रंगीत पिल्लं घेऊ नका

आठवडी बाजारात, जत्रेत, कधी सिग्नलवर गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्लं विकायला येतात. पोरं हट्ट करतात, पिल्लू स्वस्त असतं, आपण घेऊन टाकतो. ही बहुतेक अंड्यांच्या जातीची नर पिल्लं असतात, हॅचरीला नराचा उपयोग नसतो म्हणून ती एक-दोन दिवसांची असतानाच बाहेर पडतात आणि रंग लावून विकली जातात. उन्हात खोक्यात दाटीवाटीने फिरलेली, ऊब न मिळालेली पिल्लं पटापट मरतात आणि मुलांच्या डोळ्यासमोर मरतात. त्यातून एखादं जगलंच तर तो कोंबडा निघतो, म्हणजे वर सांगितलेला प्रश्न परत दारात. मुलांना रडू दे पाच मिनिटं, पण ते पिल्लू घेऊ नका.

३. आता जाती

ज्या जाती महाराष्ट्रात खरोखर मिळतात त्यांच्याबद्दलच बोलतो. परदेशी व्हिडिओत बफ ऑर्पिंग्टन मुलांसाठी एक नंबर म्हणून दाखवतात, असेलही, पण ती इथे शोधत बसण्यात अर्थ नाही.

ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्प. मला विचाराल तर मुलांच्या घरासाठी माझी पहिली पसंती हीच. मूळ ऑस्ट्रेलियातली, काळीभोर, उन्हात पिसांवर हिरवट चमक येते. स्वभावाने थंड, माणूस जवळ आला की फडफडाट करत नाही, पकडली की थोड्या वेळात गप्प होते. अंडीही चांगली देते, या जातीच्या एका कोंबडीची ३६५ दिवसांत ३६४ अंडी असा विक्रम सांगितला जातो, अर्थात तो स्पर्धेतला, आपल्या परसात तेवढं धरून चालू नका. एकच काळजी, काळा रंग आणि भरगच्च पिसं, त्यामुळे भर उन्हाळ्यात गर्द सावली पाहिजेच. कोकणात, पुणे-सातारा-कोल्हापूर पट्ट्यात अडचण येत नाही, विदर्भात एप्रिल-मे मध्ये जास्त जपावं लागतं.

वनराजा आणि गिरिराज. वनराजा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसातल्या पालनासाठीच काढलेली, गिरिराज बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची. दोन्ही रंगीत, गावठीसारख्या दिसणाऱ्या पण अंगाने भारी. भारी असल्यामुळे फार उडत नाहीत, कुंपणावर चढत नाहीत, संथ चालतात आणि खायला मिळालं की खूश. मुलांना पकडायला सोप्या. वनराजा वर्षाला साधारण १०० ते ११० अंडी देते, घरापुरती पुरे. पण वजन लक्षात घ्या, मोठी झालेली गिरिराज सहा वर्षांच्या मुलाला दोन्ही हातांनी नीट उचलता येत नाही आणि ती त्याच्या हातातून पडली तर दोघांनाही लागतं. लहान मुलांनी तिला जमिनीवरच कुरवाळावं. आणखी एक, ह्या जाती खाखा खातात आणि चरबी धरतात, रोज भात-चपातीचे तुकडे घालत बसू नका.

त्याच हैदराबादच्या संस्थेची ग्रामप्रिया पण आहे, हलकी, अंडी जास्त, साधारण १६० ते १८०. स्वभाव वाईट नाही पण वनराजापेक्षा चपळ आणि थोडी सावध. मुलं नऊ-दहा वर्षांची असतील तर चालेल.

ऱ्होड आयलंड रेड, ज्याला सगळे आरआयआर म्हणतात. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडची, गर्द विटकरी. काटक, आपल्या हवेला रुळलेली, खाणं नीट असेल तर वर्षाला २०० च्या वर अंडी. माद्या माणसाला घाबरत नाहीत, उलट जास्तच धीट असतात, मुलाच्या हातातला बिस्किटाचा तुकडा हिसकावून पळतील. ज्या मुलाला हे गंमत वाटतं त्याच्यासाठी उत्तम, बुजऱ्या मुलासाठी नको. आणि कळपातल्या दुसऱ्या जातींवर ही दादागिरी करते, त्यामुळे हिच्यासोबत सिल्कीसारखी गरीब कोंबडी ठेवू नका. ह्या जातीचा कोंबडा तर मुलांच्या घरात अजिबात नको.

गावठी. मन हिच्याकडे ओढतं, मला मान्य आहे. चवीला, रोगाला टिकायला, किडे वेचून पोट भरायला गावठीला तोड नाही. पण ती उडते, झाडावर जाऊन झोपते, पकडायला गेलं तर सगळ्या आळीला पळवते. आणि खुडूक होऊन अंड्यांवर बसली, त्यातून पिल्लं निघाली की हीच कोंबडी वाघीण होते, पिल्लाला हात लावणाऱ्या मुलाच्या थेट अंगावर येते. तो तिचा दोष नाही, चांगली आई असण्याची खूण आहे. पण मुलांना आधी सांगून ठेवायला हवं की पिल्लंवाली कोंबडी असली की लांबून बघायचं.

कडकनाथ. मध्य प्रदेशातल्या झाबुआची, २०१८ साली हिला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं आणि तेव्हापासून सगळ्यांना हीच हवी असते. भांडकुदळ नाही पण बुजरी आहे. हलकी, चपळ, माणसापासून चार हात लांब राहणारी. लहानपणापासून हाताळली तर सुधारते, तरी मांडीवर येऊन बसणारी ही जात नाही. आणि काळी अंडी देते म्हणून कोणी विकत असेल तर तिथून निघा, कडकनाथचं मांस काळं असतं, अंडं फिकट बदामी असतं.

असील. झुंजीसाठी शेकडो वर्षं निवडत आणलेली जात. गंमत म्हणजे माणसाशी असील पुष्कळदा अगदी सरळ वागतो, मालकाला ओळखतो, हातात शांत बसतो. पण आपापसात मरेपर्यंत भांडतात, माद्यासुद्धा, आणि रक्ताळलेली कोंबडी लहान मुलांनी बघावी असं कोणालाच वाटणार नाही. नवीन माणसाने यात पडू नये.

पांढरी लेगहॉर्न आणि तिच्यापासून काढलेल्या बीव्ही ३०० सारख्या कोंबड्या. अंड्यांचं मशीन, पण स्वभाव भित्रा. दार वाजलं तरी सगळ्या एका कोपऱ्यात जाऊन एकमेकींवर चढतात. पोल्ट्रीवाले वय झालेल्या कोंबड्या स्वस्तात काढतात म्हणून लोक घेतात. पिंजऱ्यात वाढलेल्या त्या बिचाऱ्यांना मोकळं चालायचीसुद्धा सवय नसते, त्यातून चोच कापलेली. मुलांची मैत्री इथे जमत नाही.

सिल्की, कोचीन, ब्रह्मा. फॅन्सी कोंबड्या म्हणून विकतात त्या. ह्यांच्याबद्दल जरा थांबून लिहितो कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. स्वभावाचं म्हणाल तर सिल्कीसारखी गरीब कोंबडी नाही. पिसं सशाच्या लोकरीसारखी मऊ, पायाला चारऐवजी पाच बोटं, कातडी काळी, उडता येत नाही, पोराने उचलून कडेवर घेतली तरी डोळे मिटून पडून राहते. दिसायला इतकी गोंडस की मुलं तिला सोडतच नाहीत. पण तिची पिसं पाणी धरतात. दुसऱ्या कोंबडीच्या अंगावरून पावसाचं पाणी ओघळतं, हिच्या अंगात मुरतं आणि ती गारठते. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात सिल्कीला मोकळं सोडणं म्हणजे तिला मारणं. डोक्यावरचा झुपका डोळ्यांवर येतो त्यामुळे वरून येणारी घार दिसत नाही, दुसऱ्या कोंबड्या टोचतात ते दिसत नाही. कोचीन आणि ब्रह्मा दोघीही शांत, दणदणीत, पण पायावर पिसं असल्यामुळे चिखलात त्यांचे गोळे होतात, पाय सडतात, आणि अंगावर इतकी पिसं असताना ४४-४५ डिग्रीला त्या धापा टाकत जीव सोडतात.

मग घ्यायच्याच नाहीत का? पत्र्याची नाहीतर कौलाची कोरडी पडवी असेल, खाली जमीन कोरडी राहत असेल, आणि तुम्ही पुण्या-नाशिकसारख्या बऱ्या हवेत राहत असाल तर सिल्की जरूर घ्या, खासकरून मूल घाबरट असेल तर. फक्त सिल्की सिल्कीसोबतच ठेवा.

थोडक्यात निवड करायची तर मोकळं परस आणि पाऊस असेल तर ऑस्ट्रॉलॉर्प किंवा वनराजा, छोटी झाकलेली कोरडी जागा असेल तर सिल्की.

४. कुठून घ्यायच्या, घेताना काय बघायचं

पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुण्यात खडकीला, कोल्हापूरला, नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत, शिवाय काही जिल्ह्यांत त्याच विभागाचे सघन कुक्कुट विकास गट आहेत. तिथे सुधारित जातींची पिल्लं मिळतात पण आधी नोंदणी करावी लागते, कोणती जात कधी मिळेल ते फोन करून विचारा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातही माहिती मिळते.

एक दिवसाची पिल्लं नवीन माणसाने घेऊ नयेत असं माझं मत आहे. त्यांना पहिला आठवडा ३४-३५ डिग्रीची ऊब लागते, बल्ब रात्रभर चालू ठेवावा लागतो, लाइट गेली की धावपळ, आणि नर-मादी ओळखू येत नाही. दोन-अडीच महिन्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंडी सुरू न झालेल्या तरुण माद्या घ्या. त्या वयात नराचा तुरा मोठा आणि लालसर दिसायला लागतो, पाय जाड असतात, तलंगेचा तुरा लहान आणि फिकट राहतो. थोडे पैसे जास्त जातील पण निम्मे कोंबडे निघण्याचा धोका जातो.

विकणाऱ्याकडे गेलात की लगेच बोट दाखवू नका. दोन मिनिटं खाली उकिडवे बसा, हातात थोडे दाणे घ्या आणि गप्प राहा. सगळा कळप लांब पळून कोपऱ्यात दाटला असेल तर त्यांना माणसाची सवय नाही. एक-दोन मान लांब करून जवळ येत असतील तर त्याच आपल्या. मग एक उचलून हातात धरा. सुरुवातीला धडपडेल, ते चालतं, पण मिनिटभराने अंग सैल सोडते का बघा. जी शेवटपर्यंत चिरकत राहते आणि टोचत राहते ती परत ठेवा. डोळे स्वच्छ, नाक कोरडं आणि शेपटीखालची पिसं घाणीने चिकटलेली नाहीत एवढं तपासा. लसी कोणत्या झाल्या हे लिहून घ्या.

एकटी कोंबडी कधीच आणू नका, ती कळपाने राहणारी आहे. चार ठीक. आणि चारही एकाच वेळी, एकाच वयाच्या आणा, नाहीतर नव्या आलेलीला जुन्या टोचून टोचून बेजार करतात.

५. पहिले दोन-तीन आठवडे

इथे खरी मेहनत आहे आणि ती मुलांना करू द्या. पहिले दोन-तीन दिवस कोंबड्यांना खुराड्यातच ठेवा, कोणी हात लावायचा नाही. मग रोज ठरलेल्या वेळी, शक्यतो संध्याकाळी, मुलाने खुराड्याजवळ खाली बसायचं, तळहात सपाट उघडा आणि त्यावर बाजरी किंवा तांदळाची कणी. बोटं चिमटीत धरली तर टोच बोटाला बसते, तळहात सपाट असेल तर नुसती टकटक होते. पहिल्या दिवशी एकही येणार नाही. मुलाला कंटाळा येईल, तुम्ही शेजारी बसा. एकीने धीर केला की बाकीच्या आपोआप येतात.

उचलायचं कसं ते आपण स्वतः करून दाखवावं लागतं, कारण मुलांनी बाजारात कोंबडी पाय धरून उलटी लटकवलेलीच बघितलेली असते आणि ती तसंच करायला जातात. कोंबडीच्या बाजूने जायचं, वरून झडप घालायची नाही, घारीसारखं वाटून ती बिथरते. दोन्ही हातांनी पंख अंगाला अलगद दाबून उचलायचं, मग एक हात छातीखाली सरकवून तिचे पाय त्या हाताच्या बोटांमध्ये घ्यायचे, दुसरा हात पाठीवर, आणि तिला आपल्या पोटाशी टेकवायचं. पाय लोंबकळत राहिले की ती घाबरते, पायांना आधार मिळाला की गप्प बसते. आठ वर्षांच्या मुलाला हे नीट जमतं. त्याहून लहान, पण पाच वर्षांवरचं असेल तर मोठ्या माणसाने धरायचं आणि मुलाने पाठीवरून, पिसांच्या दिशेने हात फिरवायचा.

एक गोष्ट मुलांना आधीच सांगून ठेवा. कोंबडी राखेत किंवा मातीत खड्डा करून त्यात आडवी पडते, एक पाय ताणते, पंख पसरते, डोळे अर्धवट मिटते. पहिल्यांदा बघणारं पोर ओरडत येतं की कोंबडी मेली. ती राखेची अंघोळ करत असते, त्याने उवा-पिसवा जातात. परसाच्या एका कोपऱ्यात चुलीची राख आणि कोरडी माती मिसळून ठेवा आणि अंघोळ चालू असताना तिला उठवू नका.

६. खुराडं, खाणं, लसी

रात्रीच्या खुराड्यात एका कोंबडीला तीन-चार चौरस फूट धरा, जमिनीपासून उंच, खाली भाताचं तूस. झोपायला आडवा बांबू, भारी जातींना तो फूट-दीड फुटावरच द्या, उंचावरून उडी मारली की त्यांचे पाय दुखावतात. जाळी वेल्डमेशची, म्हणजे वेल्डिंग केलेल्या जाड तारांची लावा, पातळ षटकोनी जाळी कुत्रं सहज फाडतं. मुंगूस बारीक फटीतून शिरतं. दाराची कडी मुलाच्या हाताला येणारी पण मुंगसाला न उघडणारी हवी आणि संध्याकाळी खुराडं मोठ्या माणसाने एकदा तपासायचंच.

तलंगांना ग्रोअर (वाढीच्या वयाचं) खाद्य, अंडी सुरू व्हायच्या बेताला म्हणजे पाच महिन्यांच्या आसपास लेयर (अंड्यांवरच्या कोंबड्यांचं) खाद्य आणि सोबत शिंपल्यांचा चुरा. नुसत्या घरच्या उष्ट्यावर अंडी येत नाहीत. खारट, तेलकट, बुरशी आलेलं काही घालू नका.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस चुकवू नका. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा ही मानमोडीची लस, मग गंबोरो रोगाची, मग दोन महिन्यांच्या पुढे आर टू बी ही मानमोडीचीच पुढची लस आणि देवीची लस, ह्यातल्या कोणत्या राहिल्यात ते दवाखान्यात विचारून पूर्ण करा.

७. मुलांच्या तब्येतीचं

शांत कोंबडी म्हणजे स्वच्छ कोंबडी नव्हे. धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेतही साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो आणि त्याने मुलांना जुलाब, ताप येतो. कोंबडीला हात लावला, अंडी उचलली, खुराड्यात गेलं की साबणाने हात धुवायचे, मोठ्यांच्या देखरेखीखाली. कोंबडीचा पापा घ्यायचा नाही, तिला हातात धरून काही खायचं नाही, आणि तिला स्वयंपाकघरात आणायचं नाही. पाच वर्षांखालच्या मुलांनी लांबूनच बघितलेलं बरं. खुराड्याची चप्पल वेगळी ठेवा.

एकाएकी दोन-तीन कोंबड्या मेल्या तर मुलांना लांब ठेवा, मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकू नका आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला होता तेव्हापासून हे आपल्याकडे सगळ्यांनी पाळायला हवं.

८. नाव ठेवण्याआधी एक बोलणं

मुलं आणल्या दिवशीच नावं ठेवतात. पुढे आखाडात पाहुणे आले की घरातलं कोणीतरी सहज म्हणतं, ती तांबडी कापूया. त्या दिवशी मुलाला काय वाटतं ते मी जवळून बघितलंय, जेवत नाही, बोलत नाही, आणि परत कोंबड्यांकडे बघतही नाही. म्हणून कोंबड्या आणायच्या आधीच घरात ठरवा, ह्या फक्त अंड्यांसाठी आहेत की कापायच्याही आहेत. कापायच्या असतील तर मुलांना तसं स्पष्ट सांगा, मुलं सरळ सांगितलेलं समजून घेतात. अंड्यांसाठी असतील तर शब्द पाळा, आणि हेही ठरवा की दोन-अडीच वर्षांनी अंडी कमी झाली की त्यांना तशाच सांभाळणार का. त्यानंतरही कोंबडी चार-पाच वर्षं आरामात जगते, रोजचं मूठभर खाद्य खाते, किडे वेचते, परसाला खत देते. तेवढा खर्च झेपणार असेल तर चार आणा, नाहीतर तीनच आणा.